घरासाठी आर्टिफिशियल ग्रास घेताय? मग हे गैरसमज आधी काढून टाका

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आई-बाबांच्या गच्चीवर आर्टिफिशियल ग्रास टाकायचं ठरवलं. मराठवाड्यातलं घर, नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे खऱ्या लॉनचा विषय आईने पहिल्याच वाक्यात संपवला होता. दोन दिवस फोनवर शोधलं. फोटोत हिरवंगार दिसणारं, '३५ मिमी, यूव्ही स्टॅबिलाइज्ड, झीरो मेंटेनन्स' असं लिहिलेलं गवत मागवलं आणि अंथरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी माझा चार वर्षांचा भाचा अनवाणी त्यावर धावत गेला आणि चार पावलांत रडत परत आला. तळपाय लालबुंद झाले होते. फोड आले नाहीत एवढंच नशीब.

मग मात्र मी हे प्रकरण नीट वाचलं, थर्मामीटर आणून मोजलं, लिस्टिंगमधल्या आकड्यांचा हिशोब मांडून बघितला. विकत घेण्याआधी माझ्या ज्या ज्या समजुती होत्या, त्यातल्या बहुतेक चुकीच्या किंवा अर्धवट निघाल्या. तुम्ही खरेदीच्या विचारात असाल तर निदान माझ्या पैशांतून तरी शिका.

आधी हे असतं काय?

नावात ग्रास असलं तरी बनवायची पद्धत गालिच्याची आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या कापडात मोठ्या मशिनवर शेकडो सुया प्लास्टिकचा धागा टाक्याटाक्याने ओवत जातात. वर आलेले फास कापले की त्यांची पाती होतात. मग कापडाच्या उलट्या बाजूला लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा थर देतात, म्हणजे टाके उपटून येत नाहीत. शेवटी त्या थराला पाणी जायला भोकं पाडतात. पाती बहुतेक वेळा पॉलिइथिलीनची असतात, म्हणजे दुधाच्या पिशवीच्याच कुळातलं प्लास्टिक. मध्ये मध्ये वाळलेल्या गवतासारखा तपकिरी, कुरळा धागा दिसतो, तो फक्त खरं वाटावं म्हणून.

याचा जन्मसुद्धा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात १९६५ मध्ये ॲस्ट्रोडोम नावाचं पूर्ण छप्पर असलेलं स्टेडियम उघडलं. आत खरं गवत होतं आणि छताला पारदर्शक पॅनेल. पण त्या चकाकीत खेळाडूंना उंच उडालेला बॉल दिसेना, म्हणून पॅनेल रंगवून टाकले. ऊन बंद झालं, गवत मेलं. १९६६ मध्ये तिथे मोन्सॅन्टो कंपनीचं प्लास्टिकचं गवत टाकलं आणि त्याला ॲस्ट्रोटर्फ हे नाव मिळालं. म्हणजे ही वस्तू गाजली ती जिथे ऊन येत नाही अशा जागेसाठी. आपण ती नेमकी गच्चीवर, बारा तास उन्हात टाकतो.

"हिरवळ आहे, म्हणजे गारवा असणारच"

सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, आणि भाच्याचे पाय भाजले ते याच्यामुळेच.

खरं गवत थंड लागतं त्याचं कारण त्याचा हिरवा रंग नाही. गवत दिवसभर मुळांतून पाणी ओढतं आणि पानांतून वाफ करून सोडतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती तिथूनच जाते. आपला वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो. कडक उन्हाळ्यात एक चौरस मीटर लॉन दिवसाला साधारण ५ लिटर पाणी उडवतं असं धरा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे ५ लिटरला सुमारे १२ मेगाज्यूल. विजेच्या भाषेत ते होतं जवळजवळ साडेतीन युनिट. मे महिन्यात आपल्याकडे तेवढ्याच जागेवर दिवसभरात सूर्याकडून सहा-सात युनिट ऊर्जा येते. म्हणजे आलेल्या उन्हातला निम्मा भाग गवत वाफेवर खर्च करून टाकतं. शिवाय डोळ्यांना न दिसणारा जो इन्फ्रारेड भाग असतो, त्यातला बराचसा जिवंत पान थेट परत फेकतं. सीसीटीव्हीच्या नाइट मोडमध्ये झाडं पांढरीफट दिसतात ती म्हणूनच.

प्लास्टिकच्या पात्यात पाणीच नाही, मग वाफ कसली? ऊन येतं आणि तिथेच राहतं. पाती बारीक असतात, त्यांच्यामध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे उष्णता खाली स्लॅबमध्येही पटकन उतरत नाही. सगळा ताप वरच्या काही मिलिमीटरमध्ये साचतो.

मी इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं. (कोविडच्या काळात कपाळावर रोखायचे ते नाही चालत, त्यांची मर्यादा शरीराच्या तापमानापुरती असते. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो घ्यायचा. आणि फोनचं कोणतंही साधं ॲप हे मोजू शकत नाही, जाहिरात काहीही म्हणो.) दुपारी अडीच वाजता, हवेचं तापमान ४० अंश असताना, शेजारच्या कुंडीतली पाणी घातलेली हरळी ३७, गच्चीची पांढरी चायना मोझॅक ४८ आणि आमचं नवंकोरं गवत ६७ अंश सेल्सियस. ६० अंशांच्या पाण्यात हात घातला तर काही सेकंदांत भाजतं. प्लास्टिक उष्णता हळू देतं म्हणून मोठ्यांच्या पायांना थोडा जास्त वेळ मिळतो. लहान मुलांची कातडी पातळ असते, त्यांना तेवढाही मिळत नाही.

हे फक्त आमच्या स्वस्तातल्या गवतापुरतं आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या ब्रिघम यंग युनिव्हर्सिटीने २००२ मध्ये आपल्या क्रीडांगणावर मोजमाप केलं, तेव्हा टर्फचं तापमान २०० फॅरेनहाइट, म्हणजे ९३ अंश सेल्सियसपर्यंत गेलं होतं. ते काळे रबरी दाणे भरलेलं मैदान होतं, घरगुती गवत इतकं तापेलच असं नाही. पण त्याच मोजणीतला दुसरा भाग आपल्या जास्त कामाचा आहे. त्यांनी पाणी मारून बघितलं. तापमान ७९ वरून २९ अंशांवर आलं, पाच मिनिटांत परत ४९ झालं आणि वीस मिनिटांत ७३. "दुपारी जरा पाणी शिंपडलं की झालं" असं सांगणाऱ्या दुकानदाराला हे आकडे दाखवा.

एक गोष्ट मात्र याच्या बाजूने सांगायला हवी. हे जितकं लवकर तापतं तितकंच लवकर निवतं. संध्याकाळी साडेसात वाजता माझ्या थर्मामीटरवर गवत ३३ होतं आणि उघडी गच्ची ४१. दगड आणि स्लॅब दिवसभराची उष्णता पोटात धरून ठेवतात, पातळ प्लास्टिक धरू शकत नाही. क्रिकेटसाठी आपण टर्फ बुक करतो ते संध्याकाळी किंवा रात्रीच. दुपारचे स्लॉट स्वस्त का असतात ते आता कळेल.

"यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे, म्हणजे उन्हाचा त्रास नाही"

मीही हेच धरून चाललो होतो. पण यूव्ही स्टॅबिलाइज्ड याचा तापण्याशी काहीही संबंध नाही. अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. मग रंग उडतो, पाती ठिसूळ होतात, हात फिरवला की पावडर निघते. जुन्या प्लास्टिकच्या बादलीला उन्हात तडे जातात, तोच प्रकार. हे लांबवण्यासाठी धागा बनवतानाच त्यात काही रसायनं मिसळतात. ती गवताचं आयुष्य वाढवतात, तुमच्या पायांचं रक्षण करत नाहीत.

'८ वर्षं वॉरंटी' असेल तर ती कशाची आहे ते वाचा. साधारणपणे ती रंग फिका पडणं आणि धागा तुटणं एवढ्यापुरती असते. पाती झोपणं, सांधे उकलणं, वितळणं यात धरलेलं नसतं. वितळणं वाचून हसू नका. पॉलिइथिलीन ११० ते १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. समोरच्या इमारतीच्या परावर्तक काचेतून एकवटलेलं ऊन गवतावर पडलं तर तिथे पाती आकसून चट्टा पडतो. तुमच्या बाल्कनीसमोर चकाकणाऱ्या काचांची इमारत असेल तर दुपारी तिचा कवडसा कुठे पडतो ते बघून ठेवा.

"जितके मिमी जास्त, तितकं भारी"

मिमी हे गवताचे मेगापिक्सल आहेत. आकडा खरा असला तरी त्यावरून दर्जा कळत नाही. ५० मिमीची पाती विरळ असतील तर महिनाभरात आडवी पडतात आणि खालची काळी पाठ दिसायला लागते. २५ ते ३५ मिमी, पण दाट, हे घरासाठी जास्त बरं.

बघायचे आकडे दोन. पहिला, एका चौरस मीटरमध्ये किती टाके. दुसरा डीटेक्स, म्हणजे १०,००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. हे दोन आणि उंची मिळाली की विक्रेता खरं बोलतोय का ते तुम्हाला घरबसल्या तपासता येतं. मला हा हिशोब कुठे तयार मिळाला नाही, म्हणून सविस्तर देतो.

समजा लिस्टिंगमध्ये लिहिलंय: ३५ मिमी, १६,८०० टाके, ८,८०० डीटेक्स. एक टाका म्हणजे इंग्रजी यू अक्षर. दोन पाय ३५-३५ मिमीचे आणि कापडातून जाणारा थोडा भाग, मिळून ७५ मिमी धरा. १६,८०० टाक्यांना धागा लागला १,२६० मीटर. १०,००० मीटरचं वजन ८.८ किलो, तर १,२६० मीटरचं सुमारे १.१ किलो. म्हणजे त्या गवताच्या एका चौरस मीटरमध्ये नुसती पातीच १.१ किलो भरायला हवीत. पाठीचं कापड आणि लॅटेक्स त्याच्या वर.

माझा रोल साडेसहा फूट बाय दहा फुटांचा होता, म्हणजे जवळजवळ सहा चौरस मीटर. लिस्टिंगप्रमाणे नुसता धागाच साडेसहा किलोंच्या पुढे पाहिजे होता. विमानप्रवासाची बॅग मोजायच्या काट्यावर अख्खा रोल, पाठीसकट, पाच किलोंच्या थोडाच वर भरला. पट्टी लावली तर ३५ मिमीची पाती २५ची निघाली. तोपर्यंत रिटर्नची मुदत संपलेली. रोल आला की अंथरायच्या आधी वजन करा, पट्टी लावून फोटो काढा आणि मगच कापा. कापलेला रोल कोणी परत घेत नाही.

दुकानात जाऊन घेणार असाल तर तुकडा मधोमध दुमडा. घडीवर पाठ जितकी कमी दिसेल तितकं गवत दाट. मग मूठभर पाती धरून जोरात ओढा. ती हातात आली तर मागचं लॅटेक्स कमजोर आहे.

"भोकं आहेत, पाणी निघून जातं" आणि "खरं गवत नाही म्हणजे डास नाहीत"

भोकांतून पाणी खाली जातं हे खरं. पण खाली म्हणजे कुठे? जमिनीवर मुरुम-खडीचा थर दिला असेल तर ते जिरेल. गच्चीवर मात्र ते स्लॅबवर उतरतं आणि उताराने पाइपच्या तोंडाकडे जायला हवं. गवताची पाठ स्लॅबला चिकटलेली असली की पाण्याला वाटच राहत नाही. आमच्याकडे जुलैत हेच झालं. पाइपच्या तोंडावरच गवत आलं होतं, त्यात पानं आणि धूळ अडकली, कोपऱ्यात पाणी साचलं आणि पंधरा दिवसांनी खालच्या खोलीच्या छताला ओल दिसली.

डासांचंही तसंच. डास गवतात जन्माला येत नाहीत, साचलेल्या पाण्यात येतात, मग गवत खरं असो की खोटं. डेंग्यूच्या डासाला झाकणभर स्वच्छ पाणी पुरतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस.

उपाय फार अवघड नाही. गच्चीवर टाकायचं तर खाली जाळीदार ड्रेनेज मॅट घाला, पाइपच्या तोंडाभोवती फूटभर जागा मोकळी सोडा आणि पावसाळ्यापूर्वी एक कडा उचलून खाली झाडून घ्या. आणि कितीही मजबूत बसेल असं सांगितलं तरी गच्चीत खिळे किंवा ड्रिल मारू देऊ नका, वॉटरप्रूफिंग फाटतं. दुहेरी टेप किंवा कडेला जड कुंड्या पुरतात.

"एकदा टाकलं की बघायलाच नको"

कापावं लागत नाही आणि रोज पाणी लागत नाही, एवढं खरं. बाकी धूळ बसते, कबुतरं यायची ती येतात, आणि मातीत विरघळून जायची सोय नसल्यामुळे सगळं वरच राहतं. आठवड्याला कडक ब्रशने पाती उलट्या दिशेने उभी करावी लागतात, मध्ये मध्ये धुवावं लागतं. गंमत म्हणजे साचलेल्या धुळीत वाऱ्याने आलेलं बी रुजतं आणि प्लास्टिकच्या गवतात खरं गवत उगवतं.

घरात कुत्रा असेल तर जरा जास्त विचार करा. मातीतले जिवाणू आणि मुळं मूत्रातला नायट्रोजन वापरून टाकतात. इथे ते नसतं, युरियाचा अमोनिया होतो आणि उन्हात वास भडकतो. त्या जागी रोज पाणी ओतावं लागेल, म्हणजे पाणी वाचलं वगैरे हिशोब परत मांडा. आणि दिवाळीत गवतावर फुलबाजी, भुईचक्र, पणती काही नको. पॉलिइथिलीन पेटतं, वितळून थेंब थेंब गळतं आणि तो थेंब कातडीला चिकटतो.

"पाणी वाचतं, म्हणजे पर्यावरणाला चांगलं"

पाण्याचा मुद्दा मी हलका करणार नाही. वरच्याच आकड्याने दहा चौरस मीटर लॉनला उन्हाळ्यात रोज ५० लिटर लागतात, आणि टँकरवर जगणाऱ्या वस्तीत ते मागणं मलाही पटत नाही. पण पाणी वाचलं म्हणजे सगळं झालं असं नाही. हे काही किलो प्लास्टिक आहे, ज्याची पाती एका प्लास्टिकची, कापड दुसऱ्या, आणि वर लॅटेक्स चिकटवलेलं. वेगळं करता येत नाही म्हणून भंगारवाला घेत नाही. झिजलेली पाती बारीक तुकडे होऊन पावसाच्या पाण्यात जातात.

जगातही याबाबत मत बदलतंय. दुष्काळात कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा केला की सोसायट्यांनी लोकांना कृत्रिम गवत लावण्यापासून अडवू नये. २०२३ मध्ये त्याच राज्याने शहरांना त्यावर बंदी घालायची मुभा दिली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मैदानांत भरायच्या प्लास्टिक-रबरी दाण्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली, ती २०३१ पासून लागू होईल. लक्षात घ्या, बंदी दाण्यांवर आहे, गवताच्या गालिच्यावर नाही. फॉरवर्ड होऊन येणाऱ्या मेसेजमध्ये हा फरक गाळलेला असतो.

कॅन्सरच्या मेसेजचंही तेच. तो वाद मुख्यतः जुन्या टायरच्या काळ्या दाण्यांचा आहे, टर्फवर खेळून आलात की बुटांतून निघतात ते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०१९ च्या अहवालात म्हटलं की दाण्यांत रसायनं आहेत, पण माणसापर्यंत ती मर्यादित प्रमाणात पोचतात असं दिसतं. घरगुती गवतात हे दाणे सहसा नसतातच. काही भरायचं असेल तर धुतलेली वाळू घ्या. जुन्या काही नायलॉनच्या मैदानांमध्ये रंगासाठी वापरलेलं शिसं २००८ मध्ये न्यू जर्सीत सापडलं होतं. त्यामुळे घरात रांगणारं बाळ असेल तर अगदी बिननावी माल टाळा आणि शिसं नसल्याचा रिपोर्ट मागा.

मग टाकायचं कुठे?

जिथे ऊन येत नाही तिथे. पत्र्याखाली, उत्तरेच्या बाल्कनीत, घरात. आपल्या जागेवर किती तास ऊन असतं याचा आपला अंदाज बहुतेक चुकतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी फोन खिडकीत ठेवून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा टाइमलॅप्स लावा (चार्जर लावून, आणि फोन स्वतः सावलीत ठेवून). ज्या भागात अकरा ते चार सतत ऊन दिसेल तो भाग सोडून द्या.

आमच्या गच्चीवर असा टाइमलॅप्स लावल्यावर कळलं की फक्त पाण्याच्या टाकीच्या पूर्वेचा साधारण दोन मीटरचा पट्टा उन्हाळ्यात दुपारी बराच वेळ सावलीत असतो. रोल कापून तेवढाच तिथे ठेवला, खाली ड्रेनेज मॅट घातली. बाबा संध्याकाळी त्यावर खुर्ची टाकून बसतात. उन्हाच्या बाजूला आईने पसरट कुंड्यांत हरळी लावली आहे, तिला भाजी धुतलेलं पाणी पुरतं. भाचा आला की दुपारी गच्चीचं दार बंद असतं आणि चावी आजीकडे.